कॅन्ससचे तालुके आणि सेसिलताई

सेसिलताई लोपीस यांना मी पहिले अकरा दिवस स्पॅनिश बाई समजत होते, आणि त्या अकरा दिवसांत त्यांच्या शेजारी बसून फोनवर आईशी त्यांच्याबद्दल मनसोक्त बोलत होते.

जर्मनीत म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधली आमची कंपनी नकाशे करायची. शाळांच्या भिंतीवरचे, ॲटलासमधले, सरकारी अहवालातले, कोणी सांगेल ते. २००४ च्या वसंतात मी पुण्याहून तिथे प्रोग्राम लिहायला आले. मला मिळालेल्या टेबलाच्या एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला एक पंचेचाळिशीच्या, बुटक्या, सावळ्या बाई. गळ्यात बारीक साखळीत क्रूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि टेबलावर पाटी ‘सी. लोपीस’. एवढ्या पुराव्यावर मी निकाल देऊन टाकला. त्यांच्याशी इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘कॉफी?’ एवढंच बोलायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत आईला फोनवर सांगायचे की शेजारची स्पॅनिश बाई स्वभावाने बरी दिसते, पण स्वेटर रोज तोच घालते आणि डब्यात काय आणते देव जाणे, वास फार येतो.

बाराव्या दिवशी आईच्या लिंबाच्या लोणच्याला बुरशी आली होती, त्यावर आमचं दहा मिनिटं बोलणं झालं. मी फोन ठेवला. शेजारच्या बाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, “आईला सांग, वरचा थर काढून टाक आणि बरणीला दोन दिवस ऊन दाखव. मीठ कमी पडलंय. आणि माझ्या डब्यात बोंबलाची चटणी असते.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण पुण्याच्या माणसाला अशा वेळीसुद्धा गप्प बसता येत नाही. मी म्हणाले, “अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता.”

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तूही बरं बोलतेस,” त्या म्हणाल्या. “गाव कुठलं?”

हा त्यांचा प्रश्न मी पुढे शेकडो वेळा ऐकला. पुणे म्हणून भागायचं नाही. पुणे हे त्यांच्या मते गाव नव्हतं, राहण्याची सोय होती. त्यांना मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा असं सगळं लागायचं. माझ्या आजोबांचं गाव भोर तालुक्यात आहे हे माझ्या तोंडून काढून घेतल्यावरच त्यांना माझी ओळख झाल्यासारखी वाटली. त्यांचा स्वतःचा पत्ता त्या एका दमात सांगायच्या: मुक्काम पोस्ट गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे. “पोर्तुगीज आले, बाप्तिस्मा देताना आडनाव देऊन गेले,” त्या म्हणायच्या. “केळीच्या बागा आणि भाषा आमची आमच्याकडेच राहिली.” घरी त्यांच्या आईशी फोनवर बोलताना त्यांची भाषा एकदम बदलायची, त्यांच्या गावाकडची, ठसकेबाज आणि मला निम्मीच कळणारी. बाकी मराठी त्यांची माझ्यापेक्षा सरस होती. माझ्या बोलण्यात तीन इंग्रजी शब्दांमागे एक मराठी शब्द यायचा आणि त्या तो मोजून दाखवायच्या.

समोरच्याचा गैरसमज चालू द्यायचा, त्याला भरपूर बोलू द्यायचं आणि मग अगदी साध्या आवाजात टाचणी लावायची, ही त्यांची जुनी खोड. आयुष्यभर लोकांनी आडनाव ऐकून त्यांना काही ना काही ठरवलं होतं. मुंबईत गोव्याच्या, गोव्यात मुंबईच्या आणि म्युनिकला आल्यावर थेट दक्षिण अमेरिकेच्या. चिडण्यात अर्थ नाही हे त्यांना फार लवकर कळलं असावं, म्हणून त्यांनी त्यातून करमणूक काढली होती.

फक्त एका माणसाला त्यांनी टाचणी लावली नव्हती, आणि सगळी भानगड तिथेच होती. तो म्हणजे आमचा शेफ. जर्मनीत साहेबाला शेफ म्हणतात, आणि आमच्या शेफचं नाव हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडल. उंच, लालसर, घाईचा, मनाने वाईट नाही असा माणूस. अमेरिकेतल्या एका शैक्षणिक संस्थेकडून कंपनीला काम आलं होतं: कॅन्सस राज्यात हिस्पॅनिक आणि लॅटिनो, म्हणजे मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या घरांतले, लोक कुठल्या काउंटीत किती राहतात, याचा मोठा भिंतीवरचा नकाशा. हेर ब्रांडल यांनी कर्मचाऱ्यांच्या यादीवर नजर फिरवली, लोपीस नाव दिसलं आणि ते खूश झाले. “हं, तर फ्राउ लोपीस, हे तर तुमच्याच लोकांचं काम.”

“मी सांगणारच होते,” ताई मला एकदा म्हणाल्या. “तोंड उघडलंही होतं. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणाला, हे काम आहे तोवर तुमचा करार वाढवता येईल. मग मिटलं तोंड.”

त्यांना तो करार का हवा होता हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. ताईंचा करार मुदतीचा होता आणि देशात राहण्याचा परवाना त्या कराराला बांधलेला होता. नवरा वारल्यावर त्या अकरा वर्षांच्या लेकीला, जेनीला, घेऊन इथे आल्या होत्या. आता जेनी सोळा वर्षांची होती, फेल्डमोचिंगच्या दोन खोल्यांच्या घरात राहायची, ताईंनी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर जर्मनमध्ये द्यायची, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी आबिटूर, म्हणजे इथली शाळा संपतानाची परीक्षा, चांगल्या गुणांनी पास व्हायला हवी होती. मध्येच शाळा तुटली की पोरीचं सगळं पहिल्यापासून. एकदा भारतातून उपटून इथे लावलेलं रोप पुन्हा उपटायचं नाही, एवढा एकच हिशेब ताईंच्या डोक्यात होता.

कॅन्ससमध्ये एकशे पाच काउंट्या आहेत. ताई त्यांना तालुके म्हणायच्या. जिल्हा का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “जिल्हा म्हटला की कलेक्टर लागतो. इतके कलेक्टर आणायचे कुठून?” सकाळी संगणक सुरू होईपर्यंत त्या हजेरी घेतल्यासारखी नावं म्हणायच्या. ॲलन, अँडरसन, ॲचिसन, बार्बर, बार्टन. कॅन्ससला त्या कधी गेल्या नव्हत्या आणि जाणारही नव्हत्या, पण कुठल्या तालुक्यातून रेल्वे जाते, कुठे गहू, कुठे नुसतं गवत, हे त्यांना आपल्या वाडीतल्या विहिरींसारखं पाठ होतं. नैऋत्येकडच्या तीन-चार तालुक्यांत मांसाचे मोठे कारखाने आहेत, म्हणून मेक्सिकोकडची माणसं तिथे दाटीने राहतात, हेही त्यांनीच मला समजावलं.

नकाशा ठिपक्यांचा होता. एक ठिपका म्हणजे पन्नास माणसं. माझा प्रोग्राम काउंटीच्या हद्दीत ते ठिपके कुठेही टाकायचा, तसाच सगळीकडे रिवाज आहे. ताईंना तो मान्य नव्हता. “पन्नास माणसं अशी शेताच्या मधोमध जाऊन उभी राहतात का गं? गाव कुठे आहे ते बघ. रूळ कुठे आहेत ते बघ.” मग त्या एकेक ठिपका माउसने उचलून गावाजवळ नेऊन ठेवायच्या. माझ्या प्रोग्रामने चार सेकंदांत केलेलं काम त्यांनी चार महिने निस्तरलं. हेर ब्रांडल येऊन खांद्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “हो, हो, तुम्हाला तिथली माणसं कळतात.” ताई मान खाली घालून माउस हलवत राहायच्या.

त्या कामाच्या कागदपत्रांत एक टीप होती. अमेरिकेच्या जनगणनेत कोणाला हिस्पॅनिक म्हणायचं हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. अर्जावर प्रश्न असतो, उत्तर माणूस देतो, आडनावावरून कोणी ठरवत नाही. ताईंनी ती टीप मला दोनदा वाचून दाखवली. “विचारतात गं,” त्या म्हणाल्या. “आधी विचारतात आणि मग लिहितात.” मला तेव्हा त्यात एवढं काय आहे ते कळलं नाही. मी बरं म्हणाले आणि कॉफी आणायला गेले.

कळलं ते दिवाळीच्या आधी, आणि चांगलंच कळलं. आमच्या मराठी लोकांच्या गटाला दिवाळीच्या कार्यक्रमासाठी म्युनिक आणि आसपासच्या सगळ्या मराठी कुटुंबांची लांडक्राइसप्रमाणे, म्हणजे इथल्या जिल्ह्यांप्रमाणे यादी हवी होती. नकाशाच्या कंपनीत आहे म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी ओळखीपाळखीतून भारतीय नावं जमवली आणि आडनावांवरून मराठी वेगळी काढली. शेवटी ‘कर’ असलेले डोळे मिटून आत. पाटील आत. जोशी चौकशी करून आत. शहा बाहेर. यादी छापायला दिली आणि प्रिंटरजवळून ताईंनीच ती आणून दिली.

“फ्राइजिंगला दोन कुटुंबं दाखवलीस ती डाखाऊला राहतात,” त्या म्हणाल्या. “सुधार.”

मी सुधारलं, आभारही मानले. घरी जाताना एस-बान या लोकल गाडीत यादी पुन्हा चाळली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सहा महिने ज्या बाईच्या हातची चटणी खाल्ली, जिने माझी मराठी रोज दुरुस्त केली, ती माझ्या मराठी माणसांच्या यादीत नव्हती. मुद्दाम वगळली असती तर निदान भांडता आलं असतं. मला त्या आठवल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. यादी हातातच होती. ताईंनीच सोडवलं. “अगं, आडनावावरून काढलीस ना? मग मी कशी येईन? बेरीज बरोबर आहे तुझी, रीत चुकली.” मग माझ्या हातातली यादी घेऊन म्युनिक शहराच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: लोपीस, दोन माणसं, फेल्डमोचिंग. मला रडू येत होतं आणि त्या म्हणत होत्या की फेल्डमोचिंगमधला ‘ढ’ काढून ‘ड’ कर, वरच्या ओळीत तू चुकवलायस.

दिवाळीच्या कार्यक्रमाला त्या जेनीला घेऊन आल्या, केळीच्या पानाऐवजी ॲल्युमिनियमच्या कागदात बांधलेली सांदणं घेऊन. फराळाच्या टेबलामागे एक काकू होत्या, कोथरूडच्या, फार प्रेमळ. त्यांनी ताईंना पाहिलं आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की धिस इज करंजी, इट हॅज कोकोनट इनसाइड. मी मध्ये बोलणार तोच ताईंनी माझा हात दाबला. त्यांनी काकूंकडून करंजी समजावून घेतली. मग शंकरपाळे. मग अनारसा, त्याचं पीठ किती दिवस ठेवायचं इथपर्यंत. काकूंचं कपाळ घामाने भिजलं. शेवटी ताईंनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “चव सुरेख आहे हो वहिनी, पण मोहन जरा जास्त पडलंय, हातात तुटतेय.”

काकू इतक्या हसल्या की त्यांनी टेबल धरलं. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. जेनी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हे पाहत होती. घरी जाताना तिने आईला जर्मनमध्ये विचारलं की तू प्रत्येक वेळी असं का करतेस. ताई म्हणाल्या, “न हसवता सांगितलं की लोकांना वाईट वाटतं, बाळा.”

नकाशा पुढच्या उन्हाळ्यात जवळजवळ पूर्ण झाला आणि ताईंचं हेर ब्रांडलशी वाजलं. कॅन्ससच्या उत्तरेला आणि पश्चिमेला काही तालुके असे होते की तिथे हिस्पॅनिक माणसं पन्नाससुद्धा नव्हती. पन्नास नाहीत म्हणून ठिपका नाही, आणि ठिपका नाही म्हणून तो तालुका कोरा पांढरा. ताईंना ते बघवेना. “कोरा म्हणजे तिथे कोणी नाही असं झालं. आहेत ना माणसं! चार घरं का असेनात.” त्यांनी अशा प्रत्येक तालुक्यात एक बारीक पोकळ वर्तुळ काढलं आणि खाली खुलासा लिहिला: येथे पन्नासपेक्षा कमी.

हेर ब्रांडल म्हणाले, काढून टाका. नकाशा आधीच गजबजलेला आहे, मुलांना एवढं कळत नाही, आणि करारात ठिपके लिहिलेत, वर्तुळं नाहीत. त्यांच्या बाजूने त्यांचंही खरं होतं. ताई म्हणाल्या, बघते. पण त्यांनी काढली नाहीत आणि मलाही काढू दिली नाहीत. एरवी त्या माणसासमोर मान वर न करणाऱ्या बाईला मी पहिल्यांदाच अडून बसलेलं पाहिलं.

सप्टेंबरात कॅन्ससहून त्या संस्थेच्या बाई नकाशा बघायला येणार असं ठरलं. त्यांचं नाव मिसेस ओर्तेगा. हेर ब्रांडल ताईंच्या टेबलाशी आले, मोठ्या खुशीत. म्हणाले, त्या बाई स्वतः स्पॅनिश बोलणाऱ्या घरातल्या आहेत, तुम्ही त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोला, त्यांना बरं वाटेल. त्यांनी पसंत केलं की पुढच्या राज्याचं कामही आपल्याकडे, म्हणजे तुमची आणखी दोन वर्षं नक्की. ताई म्हणाल्या, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर. ते गेल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“दोन वर्षांत जेनीचं आबिटूर होऊन जातं,” त्या मला म्हणाल्या.

“ताई, पण स्पॅनिशचं काय?”

“घसा बसलाय म्हणेन. हसेन. मान हलवेन. एका दिवसाचा प्रश्न आहे, मृणाल. एक दिवस मान हलवायची आणि पोरगी सुटते.”

मीही म्हणाले, हो, तसंच करा. आजही मला वाटतं की मी बरोबरच सांगितलं.

मिसेस ओर्तेगा साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई होत्या. ताईंची थोरली बहीण शोभल्या असत्या. बैठकीच्या खोलीत नकाशा टेबलभर पसरला होता. हेर ब्रांडल यांनी ताईंची ओळख करून दिली, आमच्या स्वतःच्या लॅटिना सहकारी, आणि त्या बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि स्पॅनिशमध्ये बोलायला लागल्या. ठरल्याप्रमाणे ताई हसल्या. ठरल्याप्रमाणे मान हलवली. बाई बोलत राहिल्या, नकाशावर बोट ठेवून काही सांगत राहिल्या, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज भरून आला. मला त्यातला एकच शब्द कळत होता, तो पुन्हा पुन्हा येत होता: पापा.

ताईंनी मान हलवायची थांबवली. हात मात्र सोडवून घेतले नाहीत. इंग्रजीत म्हणाल्या, “मॅडम, मला माफ करा. मला स्पॅनिश येत नाही. मी तुमच्यातली नाही. मी भारतातली आहे, गाव गिरीज, तालुका वसई. हेर ब्रांडल यांचा समज झाला आणि मी तो दुरुस्त केला नाही. चूक माझी आहे. तुम्ही वडिलांबद्दल सांगत होतात ना? मला ते ऐकायचंय. परत सांगाल का, मला कळेल असं?”

हेर ब्रांडल कानापर्यंत लाल झाले. मिसेस ओर्तेगा खुर्ची ओढून बसल्या, ताईंनाही बसवलं आणि इंग्रजीत सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांचे वडील रुळांच्या कामावर आले होते. ज्या गावात राहिले तिथे दुसरं कुटुंब त्यांच्या भाषेचं नव्हतं, म्हणून घरी कोणी आलं की कोण आहे हे न विचारताच जेवायला बसवायचे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. “कुठला तालुका?” असं त्यांनी शेवटी विचारलंच, इंग्रजीत अर्थातच काउंटी म्हणून. बाईंनी बोट ठेवलं. तिथे आता भरपूर ठिपके होते. मग त्यांचं लक्ष शेजारच्या वर्तुळाकडे गेलं, हे काय म्हणून त्यांनी विचारलं, आणि ताई म्हणाल्या, “इथे थोडी माणसं आहेत. पण आहेत.”

वर्तुळं राहिली. नकाशा तसाच छापला गेला. ताईंचा करार मात्र डिसेंबरअखेर संपला तो संपलाच. हेर ब्रांडल यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की दीड वर्षात तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत, मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवू. ताई बाहेर येऊन मला म्हणाल्या, “खरंच आहे त्याचं.”

मी फार चिडले होते. जेनीचं काय, असं मी त्यांना जवळजवळ ओरडूनच विचारलं. एवढं काय अडलं होतं, हलवायची होती आणखी पाच मिनिटं मान. ताई खालमानेने डबा पुसत होत्या. म्हणाल्या, “थट्टेत मी कितीही वेळ दुसरी कोणी होईन गं. पण ती बाई बाप सांगत होती. तिला वाटत होतं, ही माझी आहे म्हणून सांगावं. तो बाप मी चोरून कसा ऐकू?”

डिसेंबरपर्यंतचे तीन महिने त्यांनी म्युनिकभर अर्ज केले. कोलोनलाही एक मुलाखत देऊन आल्या. काही जमलं नाही. शेवटी वाट सापडली ती अर्धीच. लहान वयात येऊन इथे पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे जेनीला स्वतःच्या नावावर राहता येणार होतं, आईला नाही. आणि जेनी अजून सतरा वर्षांची, म्हणजे कोणीतरी मोठं माणूस जबाबदार म्हणून दाखवायला हवं होतं. ताईंनी मला विचारलं नाही. मीच म्हणाले, लोहहोफला माझ्याकडे दीड खोली आहे, अर्धी तिची. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अधिकारपत्र द्यायला आम्ही तिघी कचेरीत गेलो. खिडकीमागच्या तरुण बाईने अर्ज भरता भरता ताईंना विचारलं की या तुमच्या मुलीच्या कोण. मी उत्तर जुळवत होते, सहकारी, मैत्रीण, शेजारीण. ताई ताडकन म्हणाल्या, “टांटे.” मावशी. आईकडून की वडिलांकडून, असा पुढचा प्रश्न आला. आईकडून, ताई म्हणाल्या. बाईने तसं लिहिलं आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी त्यांना छेडलं. “एवढ्या खरेपणापायी नोकरी घालवलीत आणि सरकारी कागदावर थाप मारलीत?”

“तिथे मी कोण ते त्याने ठरवलं होतं,” त्या म्हणाल्या. “इथे तू कोण ते मी ठरवलं. आता निभाव.”

मी निभावलं, म्हणजे जेनीनेच मला निभावून घेतलं. २००७ च्या उन्हाळ्यात तिने आबिटूर केलं आणि वैद्यकीयला प्रवेश मिळवला. गुण सांगायला फोन केला तेव्हा ताई गिरीजला वाडीत होत्या. त्यांच्या आईने मोठ्याने हाक मारली आणि त्या धापा टाकत आल्या ते मला ऐकू आलं. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आजार निघाला आणि थोड्या महिन्यांत त्या गेल्या. जेनी शेवटचे तीन आठवडे त्यांच्याजवळ होती. मला रजा मिळायला उशीर झाला. या गोष्टीचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहणार.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते २००६ च्या जानेवारीतल्या एका सकाळी, लोहहोफच्या फलाटावर. विमानतळापर्यंत कोणी यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, कारण जेनीची शाळा होती आणि शाळा बुडवायची नव्हती. बर्फ भुरभुरत होतं. आमची एस-बान पुढे नॉयफार्नला दुभंगते, पुढचा भाग फ्राइजिंगला जातो आणि मागचा विमानतळावर, म्हणून मी त्यांना मागच्या डब्यात नीट बसवलं, बॅगा चढवल्या आणि उतरले. मायलेकी फलाटावर एकमेकींशी फारशा बोलल्या नव्हत्या. जेनी हात खिशात घालून उभी होती, जॅकेटची चेन सताड उघडी, त्या वयाची मुलं ठेवतात तशी. दारं बंद झाली. ताईंनी काचेला कपाळ टेकवलं. काचेतून ऐकू काहीच येणार नव्हतं. त्यांनी फक्त आपल्या स्वेटरवर बेंबीपासून गळ्यापर्यंत बोट वर ओढून दाखवलं, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

जेनीने खिशातून हात काढले आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. गाडी सुटली. ती त्या दिवशी तशीच शाळेत गेली, आणि दुपारी माझ्या घरी आली तेव्हाही चेन हनुवटीपर्यंत लावलेलीच होती. खोलीत हीटर चालू होता. मी तिला जॅकेट काढायला सांगितलं नाही.